एका बिडीवरची विहीर

पैज लागली ती आबांच्या बनियनवरून.

हडपसरच्या पलीकडं, कालव्याच्या कडेला टेंभाळ्याच्या लोकांची वसाहत आहे. धरणात गाव बुडालं तेव्हा सरकारनं उचलून इथं आणून टाकलेली माणसं. आता चहूबाजूंनी बिल्डिंगी उठल्यात, वरून लोक कपड्यांचं पाणी खाली निथळतात, पण बोळ टेंभाळ्याचाच. त्या बोळात रंगरावच्या छोट्या टेम्पोचा फाळका पाडायचा आणि त्यावर बसून सकाळचा चहा प्यायचा, हा सगळ्यांचा नेम. त्या दिवशी रंगरावचे वडील धोंडिबा आबा बाहेर आले ते स्वेटरावर बनियन घालून.

शेजारचा जयसिंग असल्या संधीची वाटच बघत असायचा. "काय आबा, न्याहारी झाली का?"

आबा थांबले. पोटावरनं हात फिरवला. "झाली आसंल की. का रं, न्हाई झाली?"

बोळ हसला. जयसिंगनं बशी पुसली आणि म्हणाला, "रंग्या, हा माणूस उद्या तुला थोरली विहीर दाखवणार? पोटातली भाकर सापडंना, गाळातली विहीर कुठनं सापडायची?"

रंगराव पन्नाशीचा. मिशी झुपकेदार, आणि बोळातल्या प्रत्येक माणसाला त्यानं एकदा तरी फसवलेलं. कुणाच्या चपला वडाला टांग, कुणाला लॉटरी लागल्याचा फोन कर, असलं चालायचं. त्यामुळं त्याची कोण चेष्टा करायला लागला की लोक खुर्च्या घेऊन बसत. तो म्हणाला, "भाकर इसरंल जयश्या, विहीर इसरायचा न्हाई. पहिल्या झटक्यात दाखवंल."

"न्हाई दाखवली तर?"

"तर अर्धी मिशी काढीन. माझी मी, चारचौघांत."

"आणि दावली तर मी काढतो," जयसिंग म्हणाला. "कुठली बाजू?"

"डावी. उजवी फोटोला लागती."

हातावर हात पडला. आबांनी विचारलं, "कुणाचं लगीन ठरलं?" आणि पुन्हा सगळे हसले. रंगरावची बायको वासंती तेवढी हसली नाही. ती फाळक्याखाली उभी राहून म्हणाली, "मिशीचं काय, पुन्हा उगवंल. वावर गेलं तर काय खायचं, त्यावर लावा की पैज."

तिचं खरं होतं. माघ लागला, पाणी उतरलं, की टेंभाळ्याची बुडालेली वावरं वर येतात. ज्याचं जे वावर, त्यानं त्या गाळात पेरायचं, ही धरण झाल्यापासूनची रीत. गाळातली कलिंगडं अशी की चाकू टेकवला की आपणहून फुटावीत. टेम्पोच्या भाड्यावर घरात मीठ-मिरची यायची. बाकी वर्ष त्या कलिंगडांवर निघायचं. पण यंदा काठावरच्या रिसॉर्टवाल्यानं, आमोदनं, त्यांच्याच वावरात तंबू ठोकले होते. वावर आपलं हे दाखवायला खूण एकच, गाळात गाडलेली थोरली विहीर.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत कुंपणाचे सिमेंटचे खांब भरले. रंगरावला जिंकायची एवढी खात्री, की आधी खांब आणि मग पहार. पुढं आबा, मागं खांबांवर वासंती आणि जयसिंग. खडकवासला मागं पडलं तसं जयसिंग मागनं ओरडला, "रंग्या, वस्तरा घेतलास का?"

"घेतलाय की. तुझ्यासाठीच धार लावलीय."

बुडालेल्या टेंभाळ्याच्या वरच्या काठावर आता छोटं शहरच झालंय. पूर्वी तिथं फक्त टेकाड होतं. आता वडापावच्या गाड्या, बोटीची तिकिटं, आणि ओळीनं रिसॉर्टं. सगळ्यात मोठं आमोदचं. तो सदाशिव पेठेतला. पांढरा सदरा, पायात कोल्हापुरी, आणि बोलणं एवढं गोड की आपण ठेचाळलो तर दगडाची माफी मागावी असं वाटायचं.

"या, रंगराव. यंदा बिबट्या नाही आणलात बरोबर?"

मागच्या साली रंगराव बटाट्याचे पंजे कोरून आमोदच्या लॉनवर रात्रीतनं उमटवून गेला होता. रिसॉर्ट आठवडाभर ओस पडलं होतं. जंगलखात्याचे लोक पिंजरा घेऊन आले आणि पिंजऱ्यात सापडलं ते आमोदचंच कुत्रं. ही हकीगत सांगताना बोळ लोळायचा. आमोद मात्र हसला नव्हता.

"आमोदशेठ, तंबू काढा. हे आमचं वावर हाय."

"गाळ सरकारचा आहे रंगराव. तुमचा नाही, माझाही नाही. तंबू मात्र माझे आहेत."

"आमची विहीर हाय यात. थोरली. तिच्या भोवतीचं सगळं आमचं."

"कुठे आहे? दिसत नाही ती."

"गाळात हाय. आबा दाखवंल."

आमोदनं आबांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. बनियन आज आत होतं, पण चपला दोन वेगवेगळ्या. मग जयसिंगनं मिशीचं सांगितलं, तसा त्याचा चेहरा उजळला. "वा! मग माझंही एक ऐका. आजोबांनी विहीर दाखवली, तर मी सगळे तंबू हलवतो. नाही दाखवली, तर परत या बाजूला दिसायचं नाही. ना माणूस, ना बटाटा. कबूल?"

काउंटरवरची पोरगी हे ऐकत होती. ती रंगरावचीच, पायल. रिसॉर्टात कामाला लागून वर्ष झालं होतं. हे वावर आपल्या आजोबाचं, हे तिनं तिथं कुणाला सांगितलेलं नव्हतं. ती बाहेर आली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, "पप्पा, प्लीज. इथे ड्रामा नको. माझा जॉब आहे हा."

"ड्रामा न्हाई गं. विहीर हाय."

आबांची खूण सोपी होती. गाळात हत्तीएवढा एक खडक आहे. त्याला पाठ लावायची. तोंड मावळतीच्या डोंगरातल्या खिंडीकडं करायचं. बिडी पेटवायची आणि नाकासमोर चालायचं. बिडी संपली की विहीर. गाव सोडलं तेव्हा आबांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. उघडी विहीर टाकून जाऊ नये म्हणून त्यांच्या बापानं राहत्या घराच्या तुळया उतरवून विहिरीच्या तोंडावर टाकल्या, वर फरशा, वर माती. मग दही-भात ठेवला आणि बैलगाडी हाकली. हे आबांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की पायलला लहानपणी ते अंगाईसारखं पाठ झालं होतं.

आबांनी खडकाला पाठ लावली. मोतीबिंदूचे डोळे बारीक केले. "ती बघ खिंड."

"दिसती ना नीट?"

"न दिसायला काय झालं? आभाळ शिरलंय की तिच्यात."

बिडी पेटली. म्हातारा चालायला लागला. गाळ वाळून फुटलेल्या टाचांसारखा भेगाळला होता. एकेक ढेकूळ पायाखाली कडकड मोडत होतं. आबा वाकलेले, पण पाऊल असं टाकत होते जसं कुणी हाक मारतंय. मागं रंगराव पहार घेऊन, त्याच्या मागं वासंती, जयसिंग, आमोद, आणि मोबाईल उंच धरलेली पाच-पंचवीस पाव्हणी मंडळी. बिडीनं बोटाला चटका दिला. आबा थांबले.

"हितं."

रंगरावनं पहार मारली. ढेपळं उडाली. पुन्हा मारली. वासंतीनं घमेल्यानं गाळ उपसला. वरचा कोरडा थर गेला, खालचा काळा, चिकट लागला, हाताला लोण्यासारखा आणि वासाला मेलेल्या माशासारखा. कमरेएवढा खड्डा झाला. खाली पहार ठणकली. रंगराव ओरडला, "फरशी!" वाकून हात घातला, तर मुरूम. धरणाआधीचा, कधीच कुणी न उकरलेला मुरूम.

"दुसरीकडं बघू?" वासंती हळू म्हणाली.

"पहिल्या झटक्यात ठरलंय, वहिनी," जयसिंग म्हणाला. त्याला आता बरं वाटत नव्हतं, पण पैज ती पैज.

आबा खड्ड्याच्या काठावर बसले होते. "हितं हुती," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हितं हुती ना रं?" एका बाईनं फोन त्यांच्या तोंडासमोर नेला आणि विचारलं, "दादाजी, क्या ढूंढ रहे हो?" आबांनी फोनलाच नमस्कार केला.

आमोद म्हणाला, "खड्डा बुजवून जा हं. कुणी पडायला नको."

खड्डा बुजवता बुजवता दिवस कलला. पाव्हणी मंडळी चहाला गेली. वासंतीनं आबांचे हात ओल्या पदरानं पुसले. टेम्पोला किल्ली लावायची म्हणून रंगराव वळला आणि आबांनी मागनं विचारलं, "सूर्य तिकडं कुठं चाललाय?"

"मावळाय, दुसरीकडं कुठं?"

"माघात सूर्य खिंडीत मावळतो. आमचा बाप त्यावर बैल सोडायचा. ह्यो तर खिंड सोडून चाललाय."

रंगरावनं वर बघितलं. खिंडीत नुसतंच फिकट आभाळ होतं. सूर्य डावीकडं, आमोदच्या क्लब हाऊसच्या लाल पत्र्याआड उतरत होता. तो तसाच उभा राहिला. क्लब हाऊस तीनमजली. त्याच्या मागं काय आहे ते इथनं दिसत नव्हतंच. आणि आभाळ शिरलेली ही खिंड केवढी सरळ, केवढी नीट. डोंगराला अशी खिंड नसते; मशीननं कापलेली असते. दोन सालांपूर्वी आमोदनं सनसेट पॉइंटला गाडी जावी म्हणून डोंगर फोडला होता. खरी खिंड पत्र्यामागं होती. म्हातारा चुकला नव्हता. डोंगर चुकला होता.

रंगराव खडकाकडं पळाला. पाठ लावली, लाल पत्र्याकडं तोंड केलं आणि आबांची बिडी पेटवून चालायला लागला. पावलं बुजवलेल्या खड्ड्यापासनं लांब लांब, तंबूंच्या मधनं गेली. बिडी संपली तिथं हिरवा गालिचा अंथरलेला होता. भोवती बल्बांच्या माळा. उद्या संध्याकाळी एका कंपनीची पार्टी होती, नाच इथंच. गालिच्याची कड उचलून त्यानं बघितलं. सगळीकडं भेगा कशाही वेड्यावाकड्या गेलेल्या, इथं मात्र गोल. एकात एक, परातीच्या कडांसारख्या. त्यानं टाच आपटली. आवाज आला तो जमिनीचा नव्हता. बंद दाराचा होता.

तो पाय न उचलता, घासत घासत मागं आला.

"आमोदशेठ," तो ऑफिसात जाऊन म्हणाला, "विहीर सापडली. तुमच्या नाचाच्या गालिच्याखाली. वरच्या तुळया कुजल्या असतील. उद्या माणसं नाचवू नका तिथं."

आमोदनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रंगराव, आपण हरलात. दुपारी विहीर तिकडे होती, संध्याकाळी इकडे आली, आणि नेमकी माझ्या स्टेजखाली. सकाळपर्यंत स्वयंपाकघरात जाईल का?"

"खरं सांगतोय. आईशप्पथ."

"बिबट्याच्या वेळी कुणाची शपथ होती?"

रखवालदारांनी त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर आणलं. पायल मागं आली. डोळे भरलेले. "पप्पा, किती एम्बॅरस कराल? उद्या मला तिथे वेलकम ड्रिंक द्यायला उभं राहायचंय, सगळ्यांसमोर."

"कुठं? गालिच्यावर?"

"मग कुठे?"

"सुट्टी घे उद्या."

"नाही घेणार." आणि ती आत गेली.

त्या रात्री ते काठावरच्या खोपीत मुक्कामाला राहिले. जयसिंगला सांगितलं, तर तो खो-खो हसला. "भारी काढलंस. मिशी वाचवायला विहीर हलवलीस व्हय?" वासंतीला सांगितलं. लग्न झाल्यापासून ती हा चेहरा बघत आली होती, तरी हा खरा का खोटा, तिलाही कळेना. पहिल्यांदाच रंगरावला स्वतःच्या तोंडाची भीती वाटली. आयुष्यभर खोटं सांगितलं तर माणसं जेवण सोडून पळाली. आज खरं सांगतोय तर कुणी कूस बदलायला तयार नाही.

सकाळी तो आपणहून आमोदकडं गेला. हात जोडले. "शेठ, हरलो. मिशी काढतो. पण हितंच काढतो, तुमच्या पाव्हण्यांपुढं. टेम्पो गालिच्यावर उभा करतो आणि टपावर बसून काढतो. मागनं सगळ्यांना दिसंल."

आमोदला त्यात बिबट्याची भरपाई दिसली. "उत्तम! गावाकडची गंमत. लोकांना आवडेल. चारला या. साउंडची लॉरी सहाला येतीये, तोवर आटपा."

"एकच म्हणणं. माझं होईपर्यंत गालिच्यावर कुणी पाय द्यायचा न्हाई. देवाचं हाय."

"कुठल्या देवाचं?"

"मिशीच्या," रंगराव म्हणाला, आणि आमोदसुद्धा हसला.

चारला माणसं जमली. रंगीत गॉगल, हातात ग्लास. आमोदनं माइक घेतला आणि टेंभाळ्याची प्राचीन परंपरा म्हणून बरंच काही सांगितलं. रंगरावनं खांब भरलेला टेम्पो गाळावरनं हळू आणला. वासंती काठावर आबांचा हात धरून उभी. टेम्पो गालिच्यावर चढला. हा टेम्पो म्हणजे घरातलं शेवटचं चालतं चाक. गोल भेगांवर मागची चाकं येतील असा तो लावला, दार उघडं ठेवलं आणि टपावर चढून बसला. पाय काचेवर सोडलेले. आरसा नाही, साबण नाही. तांब्यातलं पाणी मिशीला लावलं आणि वस्तरा उघडला.

"आयला, खरंच काढतोय," कुणीतरी म्हणालं. शिट्ट्या झाल्या.

डाव्या मिशीचं टोक गेलं. थोडी आणखी. केस शर्टावर पडत होते. टेम्पो मात्र गप उभा होता. लोक हसत होते, जयसिंग ओरडत होता, "सावकाश, नाक ठेव!" रंगराव कान देऊन खालचं ऐकत होता. काहीच नाही. कातडीवरनं वस्तरा खरखरत होता तेवढंच. त्याच्या मनात आलं, म्हातारा चुकलाच असला तर? बिडी जाड असली, पावलं लांब पडली असली तर? मग आपण जगाला हसू होऊन बसलोय ते उगाचच. वस्तरा तिरका गेला. ओठाला कापलं. रक्ताची धार हनुवटीवर आली आणि लोकांनी 'ओऽऽ' केलं.

पायलला बघवेना. ती गर्दीतनं पुढं आली. "बास झालं पप्पा! उतरा खाली!" आणि तिनं गालिच्यावर पाऊल ठेवलं.

"पायल, मागं हो!"

तो आवाज कुणी कधी ऐकलेला नव्हता. त्यात चेष्टेचा कणही नव्हता. जयसिंगचं हसू तोंडातच राहिलं. त्यानं एका क्षणात पायलचा दंड धरून तिला मागं ओढली आणि त्याच वेळी टेम्पोचं मागचं चाक वीतभर खाली बसलं.

मग जमिनीखालनं आवाज आला. लाकूड मोडल्याचा. एक, मग दुसरं, घराचा वासा पडावा तसा.

"तुळया," आबा म्हणाले. "आमच्या घराच्या."

"उडी टाक रंग्या!" जयसिंग ओरडला. रंगरावनं काचेवरनं पुढं झेप घेतली, गुडघ्यांवर आपटला आणि हातापायांवर रांगत सुटला. जयसिंगनं आडवा होऊन त्याची कॉलर धरली. मागं टेम्पोनं तोंड आभाळाकडं केलं. सिमेंटचे खांब एकावर एक आदळत आत गेले, गालिचा ओढला गेला, बल्बांच्या माळा तटातट तुटत त्याच्यामागं गेल्या. खालनं काळं पाणी वर आलं आणि टेम्पोच्या दिव्यांपर्यंत येऊन थांबलं. बुडबुडे येत राहिले. इतक्या वर्षांचा कोंडलेला वास सगळ्यांच्या तोंडावर आला.

माणसं आपोआप मागं सरकत होती. कुणाच्या हातातला ग्लास पडला, तो गाळात पडला म्हणून वाजलासुद्धा नाही. आमोदचा माइक चालूच होता. त्याचा श्वास सगळ्या स्पीकरांतनं ऐकू येत होता. त्याची नजर विहिरीवरनं साउंडच्या लॉरीच्या रस्त्यावर गेली, तिथनं पायलवर, आणि खाली वळली.

"तंबू," तो म्हणाला. सगळीकडं घुमलं. त्यानं माइक बंद केला. "तंबू हलवतो, रंगराव. आत्ता."

वासंती खाली बसली होती. ती टेम्पोच्या तोंडाकडं बघत होती. त्याच्यावर तिनंच दसऱ्याला हळदीची बोटं ओढली होती. आबा मात्र पुढं पुढं जाऊ बघत होते, आणि दोघांनी त्यांना धरून ठेवलं होतं.

जयसिंगनं रंगरावच्या अंगावरचा गाळ झटकला. "रंग्या, विहीर सापडली. म्हंजी पैज मी हरलो. आण तो वस्तरा."

"न्हाई," रंगराव म्हणाला. "पहिल्या झटक्यात ठरलं हुतं. आबानं पहिल्यांदा दुसरीकडंच दावली."

"डोंगर कापलेला, त्याला आबा काय करंल? मरू दे पैज."

"मरू दे कशी? माझ्या बोलण्यावर काल कुणी इस्वास ठेवला नव्हता. आता तरी ठेवाल."

वस्तरा मुठीतच राहिला होता. त्यानं तो शर्टाला पुसला. डावी बाजू अर्धी निघालेली, अर्धी रक्तात चिकटलेली. बोटांनी चाचपून त्याला अंदाज येईना. तेव्हा पायल समोर येऊन गुडघ्यांवर बसली. तिनं फोन काढला, पुढचा कॅमेरा लावला आणि बापाच्या तोंडासमोर दोन्ही हातांनी धरला. हात एवढे हलत होते, की पडद्यावर रंगरावला स्वतःचे दोन-दोन चेहरे दिसत होते.

"हलवू नगं," तो म्हणाला.

"नाही हलवत, पप्पा."

मग त्यानं गाल ताणला आणि उरलेली डावी मिशी काढली, सावकाश, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. काठावर पन्नास फोन होते, पण एकही वर उचललेला नव्हता. कुणीच हसलं नाही.